आधण आणि मोल्सवर्थसाहेब

मागच्या महिन्यात फोनवरून भाचीला खिचडी कशी करायची ते सांगत होते. ती पुण्यात नोकरीला, संसार नवाच. बोलता बोलता मी म्हणून गेले की आधण आलं की त्यात धुतलेले डाळ-तांदूळ वैरायचे. पलीकडे एकदम शांतता. मग तिने विचारलं की आधण कुठून आणायचं आणि वैरायचं म्हणजे नेमकं काय करायचं! मला आधी हसू आलं. पण समजावून सांगायला गेले तर माझीच पंचाईत. आधण म्हणजे उकळतं पाणी म्हणावं, तर अंघोळीच्या कढत पाण्याला काही आपण आधण म्हणत नाही. वैरणं म्हणजे टाकणं म्हणावं, तर केर आपण टाकतो, वैरत नाही. रोज तोंडात असलेले शब्द, आणि अर्थ सांगताना जीभ अडखळली.

फोन ठेवला आणि सासऱ्यांच्या कपाटातला जाडजूड ग्रंथ काढला. सासरे शाळामास्तर. 1975 साली पुण्याहून मोल्सवर्थच्या कोशाची नवी छपाई निघाली, ती त्यांनी पदरमोड करून घेतली होती. आम्ही सुना त्या पुस्तकाला गमतीने वीट म्हणायचो. त्या विटेत दोन्ही शब्द सापडले. आधण म्हणजे डाळ-तांदूळ शिजवण्यासाठी चुलीवर ठेवलेलं पाणी. वैरणं म्हणजे धान्य आधणात सोडणं, आणि जात्यात मूठमूठ दाणे घालणं हेसुद्धा वैरणंच. किती नेमकं! मग मला छंदच लागला. शिंकं, उतरंड, विरजण, डोहाळे, माहेर... एकेक शब्द काढून बघत बसले. सगळे होते. आणि मनात आलं, आपल्या स्वयंपाकघरातले हे शब्द दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी लिहून ठेवणारा हा गोरा साहेब होता तरी कोण?

जेम्स थॉमस मोल्सवर्थ. जन्म 1795, इंग्लंडमधला. आजच्या मुलांच्या अकरावी-बारावीच्या वयात तो ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत भरती होऊन मुंबई इलाख्यात आला. त्या वयाची मुलं तेव्हा कंपनीच्या नोकरीत येत, ती पैसा आणि बढती मिळवायला. याच्यात मात्र भाषेची गोडी निघाली. मराठी, संस्कृत, हिंदुस्थानी शिकला.

काळही तसाच होता. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि मोठा मराठी मुलूख कंपनीच्या हाती आला. आता शेतसारा ठरवायचा, कज्जे ऐकायचे, साक्षी घ्यायच्या, तर रयतेची भाषा कळायला नको? साहेबांना मराठी शिकवायची तर कोश हवा. तोपर्यंत अगदी काहीच नव्हतं असं नाही. विल्यम कॅरी या पाद्र्याने तिकडे बंगालात श्रीरामपूरला बसून, पंडित वैजनाथांच्या मदतीने 1810 मध्ये एक मराठी कोश छापला होता, तोही मोडी अक्षरात. 1824 मध्ये व्हॅन्स केनेडी यांचा कोश मुंबईत निघाला. पण हे लहान कोश होते. कारभाराला आणि बोलण्याला पुरे पडतील असे नव्हते.

इथे थोडं इंग्लंडकडे वळते, कारण त्यात आपल्या बायकांच्या कामाची एक गोष्ट आहे. इंग्रजीतला इंग्रजी शब्दांचा पहिला छापील कोश मानतात तो 1604 मधला. रॉबर्ट कॉड्री नावाच्या शिक्षकाने तो केला. जेमतेम अडीच हजार शब्द, तेही अवघड तेवढेच. आणि गंमत अशी, की हे पुस्तक मुख्यतः घरंदाज स्त्रियांसाठी आणि फारसं न शिकलेल्या लोकांसाठी आहे, असं त्याने मुखपृष्ठावरच छापलं होतं! मुलगे शाळेत लॅटिन शिकत, मुलींना ते दार बंद. मग चर्चमधल्या प्रवचनात, पुस्तकात मोठे शब्द आले की बायकांना कळायचे नाहीत. म्हणजे इंग्रजी कोशाचा जन्मच मुळी शिक्षण न मिळालेल्या बायकांच्या अडचणीतून झाला असं म्हटलं तरी चालेल.

पुढे दीडशे वर्षांनी, 1755 मध्ये, सॅम्युएल जॉन्सन यांचा प्रसिद्ध कोश आला. सुमारे बेचाळीस हजार शब्द. सहा मदतनीस हाताशी घेऊन सलग काही वर्षं खपून केलेला. अर्थाबरोबर मोठमोठ्या लेखकांची वाक्यं दाखल्याला द्यायची ही त्यांची पद्धत इतकी गाजली की आजचे कोशही त्याच वाटेने जातात. जॉन्सन पुस्तकं उघडायचे, वाक्याखाली रेघ मारायचे, मदतनीस ते उतरवून घ्यायचे.

आता मोल्सवर्थसाहेबांची अडचण बघा. मराठीत संतांच्या ओव्या-अभंग होते, पंतांच्या आर्या होत्या, बखरी होत्या. पण त्यातलं बहुतेक हस्तलिखित. छापील मराठी पुस्तकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. शिवाय रोजच्या व्यवहाराची भाषा पोथीत थोडीच सापडते? न्हाणीघर, गोठा, खळं, बाजार, भांडण, लग्नकार्य, बाळंतपण, हे शब्द कुठल्या पुस्तकात बघायचे? जॉन्सन यांनी शब्द वेचले कागदावरून. मोल्सवर्थना ते वेचावे लागले माणसांच्या तोंडून.

1825 च्या सुमारास सरकारने या कामाला मदत दिली. साहेबाच्या हाताखाली ब्राह्मण शास्त्री-पंडित नेमले. थॉमस आणि जॉर्ज हे दोघे कँडी बंधू जोडीला आले, तेही फौजेतलेच. कोकणातले शब्द, देशावरचे शब्द, संस्कृत, फारसी, अरबी, हिंदुस्थानीतून आलेले शब्द गोळा व्हायला लागले. आणलेला शब्द तसाच घ्यायचा नाही. तो खरंच लोकांत चालतो का, कुठे चालतो, त्याच्या किती छटा आहेत याची छाननी करायची. शब्द मूळचा कुठला, त्याची खूण पुढे द्यायची. म्हणी आणि वाक्प्रचारही सोडायचे नाहीत.

या शास्त्री मंडळींचा स्वतंत्र मान सांगायलाच हवा. जगन्नाथशास्त्री क्रमवंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच काळात मराठी शब्दांचे अर्थ मराठीतच देणारा 'महाराष्ट्र भाषेचा कोश' केला. तो 1829 मध्ये निघाला. साहेबांचं नाव आज सगळ्यांना माहीत आहे. शास्त्रीबुवांची नावं अभ्यासकांच्या पुस्तकात राहिली.

मला तर आणखी एक वाटतं. वाटतं हं, याला माझ्याकडे पुरावा नाही. ओटी, डोहाळे, विरजण, उतरंड हे शब्द शास्त्रीबुवांनी आणले कुठून? दरबारातून नक्कीच नाही. ते त्यांच्या माजघरातून आले असणार. आईने हाक मारताना, बायकोने सुनेला बोलताना, आजीने जात्यावर बसून गाताना जे कानावर पडलं, ते दुसऱ्या दिवशी कागदावर गेलं असणार. त्या बायकांपैकी बहुतेकींना अक्षरओळखही नसेल. मुलींच्या शाळा तेव्हा जवळपास नव्हत्याच. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंची मुलींची शाळा सुरू झाली ती 1848 मध्ये. म्हणजे ज्यांच्या तोंडचे शब्द, त्यांनाच तो ग्रंथ वाचता येणार नव्हता. आणि अर्थ सगळे इंग्रजीत! कॉड्रीचा कोश बायकांसाठी होता. मोल्सवर्थचा कोश कलेक्टरसाठी, जज्जासाठी, पाद्र्यासाठी होता. आपल्यासाठी तो नव्हताच.

1831 मध्ये मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती छापून झाली. सुमारे चाळीस हजार शब्द. म्हणजे जॉन्सनच्या कोशाच्या जवळपास. आपल्या लोकांनी मोल्सवर्थ हे नावसुद्धा आपल्या जिभेला वळवून घेतलं. साहेबाला मोलेसरशास्त्री म्हणू लागले. फौजेतल्या गोऱ्याला शास्त्री ही पदवी! विद्येचा मान असा असतो.

लगेच उलट बाजूचा, म्हणजे इंग्रजी-मराठी कोश हाती घेतला. पण तब्येतीने दगा दिला. 1836 मध्ये काम अर्धवट सोडून त्यांना इंग्लंडला परतावं लागलं. ते काम थॉमस कँडी यांनी तडीस नेलं आणि 1847 मध्ये तो कोश निघाला. हे कँडीसाहेब पुढे पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचे प्रमुख झाले. मराठी लिहिताना आपण जो स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह देतो ना, ते मराठीत रुळवण्याचं मोठं श्रेय त्यांच्याकडे जातं.

मोल्सवर्थ स्वभावाने फार धार्मिक. शस्त्र धरण्याची नोकरी आपल्या ख्रिस्ती श्रद्धेशी जुळत नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि त्यांनी फौज सोडली. एवढंच नाही, तिचं पेन्शनही नाकारलं. त्यांचा धर्म आपला नाही, आणि कंपनी सरकारबद्दल आपल्याला प्रेम असण्याचं कारण नाही. पण मनाला न पटलेल्या कामाचे पैसे घ्यायचे नाहीत, एवढा करारीपणा कुणातही दिसला तरी मान लववावीशी वाटते. पेन्शनवर घर चालवणाऱ्या बायकांना तरी ते काय सोडणं असतं, हे वेगळं सांगायला नको.

इकडे पहिली आवृत्ती संपली होती. सरकारला सुधारून वाढवलेला कोश हवा होता, आणि ते काम करायला त्यांच्याइतका लायक माणूस दुसरा नव्हता. 1851 मध्ये मोल्सवर्थ पुन्हा आले. वय छपन्न, तब्येत नाजूक. महाबळेश्वरच्या थंड हवेत बसून त्यांनी पहिल्या कोशातला शब्दन् शब्द पुन्हा तपासला. 1857 मध्ये दुसरी आवृत्ती मुंबईत छापली गेली. नऊशेच्या आसपास मोठी पानं आणि साठ हजारांच्या घरात शब्द. सुरुवातीला डॉ. जॉन विल्सन यांचा मराठी भाषेवरचा लेख. हे तेच विल्सन, ज्यांच्या नावाचं कॉलेज मुंबईत आहे. मुखपृष्ठावर कँडी बंधूंच्या साहाय्याचा उल्लेखही आहे.

विचार करा, विशीत सुरू केलेलं काम साठी उलटल्यावर पुरं झालं. त्यानंतर ते मायदेशी गेले आणि 1871 मध्ये तिकडेच वारले. पण कोश इथेच राहिला. 1863 मध्ये बाबा पदमनजींनी त्याची छोटी, हाताळायला सोपी आवृत्ती काढली. विधवांचे हाल मांडणारी 'यमुनापर्यटन' ही कादंबरी लिहिणारे तेच हे पदमनजी. ती कादंबरीही 1857 चीच, हा योगायोग मला फार आवडतो. पुढे 1932 ते 1938 मध्ये दाते-कर्वे मंडळींनी 'महाराष्ट्र शब्दकोश' सात भागांत काढला, त्यातही मोल्सवर्थच्या संग्रहाचा आधार होताच. आज तर अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठाने 1857 ची आवृत्ती इंटरनेटवर फुकट ठेवली आहे. मोबाइलवर शब्द टाकला की अर्थ समोर. भाचीला मी तो पत्ता पाठवला, तर तिने अर्ध्या तासात पाच शब्द शोधून मलाच परीक्षेला बसवलं.

आता आपल्या घरची गोष्ट. माझं घर छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत. मोल्सवर्थसाहेब काम करत होते ते इंग्रजांच्या मुलखात. आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. 17 सप्टेंबर 1948 ला तो मुक्त झाला. त्याआधी कचेरीची भाषा उर्दू, वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. मराठी कुठे होती? चुलीपाशी, जात्यावर, शेतात, देवळातल्या कीर्तनात. आमच्या आज्यांनी ती तिथे सांभाळली. कुणी ही भाषा शिकवली नाही, कुणी कचेरीत विचारली नाही, तरी ती आटली नाही.

तिच्यात फारसी-अरबी शब्दही मजेत नांदले. या शहरात तर पावलोपावली दरवाजे. दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा, भडकल दरवाजा. दरवाजा हा शब्दच फारसी. कागद, बाजार, पडदा, तारीख, हजर, वकील... हे शब्द काढून टाकले तर आपल्याला दिवसभर मुकं बसावं लागेल. इथून जवळच पैठणला नाथांनी तर चारशे वर्षांपूर्वी अर्जदस्त लिहून देवाच्या दारी फारसी शब्दांतून अर्ज केला होता. मोल्सवर्थच्या कोशात या शब्दांना बाहेर उभं केलेलं नाही. मूळ कुठलं त्याची खूण दिली आणि मराठी म्हणून पंक्तीत बसवलं. सून परक्या घरून येते, नाव-गाव वेगळं असतं, पण घरात मुरली की घरचीच होते, तसंच हे.

पण आमच्या अंगणात कागद-दौत घेऊन कुणी शास्त्रीबुवा आले होते का, हा प्रश्न मला सतावतो. माझी मावससासू लातूरकडची. तिच्या तोंडी येळवस यायची, म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशीची भज्जी, उंडे, आंबील, शेतातली कोप... ती सांगायला लागली की ऐकत बसावं. पेरणीचे, मळणीचे, गाई-म्हशींच्या रंगांचे, शिंगांचे शब्द तिच्याकडे ढिगाने होते. तिच्यापाशी बसून ते लिहून घ्यावेत असं आम्हाला कधी सुचलं नाही. ती गेली. दहाव्याला सगळ्याजणी जमलो, तेव्हा तिची एक म्हण आठवायचा प्रयत्न केला. अर्धी आठवली. उरलेली अर्धी कुणालाच आली नाही. दागिने तिने वाटून दिले होते, लुगड्यांच्या गोधड्या झाल्या, भांडी सुनांनी नेली. शब्द मात्र तिच्याबरोबर गेले.

त्या दिवसापासून मोल्सवर्थसाहेबांकडे मी वेगळ्या नजरेने बघते. एका परक्या माणसाला वाटलं, की इथली बाई आधण ठेवताना जे बोलते ते टिपून ठेवण्याजोगं आहे. त्याचं कारण राज्यकारभाराचं असेल, धर्मप्रसाराचं असेल. पण शब्द वाचले. आपल्याला मात्र आपलं बोलणं कागदावर चढवण्याजोगं वाटत नाही. मुलं हसतील, गावंढळ म्हणतील म्हणून आपणच ते गिळतो. लेकीशी बोलताना पातेल्यात पाणी 'बॉइल' करायला सांगतो.

म्हणून मी एक साधी वही घातली आहे. शंभर पानी. डाव्या बाजूला शब्द, उजव्या बाजूला अर्थ, खाली कुणाकडून ऐकला त्या बाईचं नाव आणि गाव. पहिल्या पानावर येळवस, उंडे, आंबील. मोल्सवर्थच्या कोशात शब्द आहे का तेही बघते. असला तर आनंद होतो, ओळखीचं माणूस भेटल्यासारखा. नसला तर जास्तच आनंद होतो, कारण तो आता माझ्या वहीत आला. भाची पुण्याहून आली की तिच्याकडून वाचून घेते. तिने स्वतःहून एक शब्द लिहिला, आधण. पुढे अर्थ लिहिला, मावशीने खिचडीसाठी ठेवायला सांगितलेलं पाणी.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात सत्तरी-ऐंशीची कुणी असेल ना? आई, सासू, आत्या, शेजारच्या काकू? मग फार वेळ घालवू नका. दुपारी शेंगा फोडताना, वाती वळताना जवळ बसा आणि विचारा. जात्याच्या भागांची नावं विचारा, लुगड्यांचे रंग विचारा, लहान बाळाच्या दुखण्यांना काय म्हणायचे ते विचारा. त्यांना नवल वाटेल, की हे काय विचारते! पण सांगायला लागल्या की थांबणार नाहीत. मोल्सवर्थसाहेबांना त्यासाठी सरकारी मंजुरी लागली होती. आपल्याला एक वही आणि एक पेन पुरे.